दिवाणखान्यात स्टुडिओ मॉनिटर

स्टुडिओत गाणं मिक्स करताना वापरतात ते ॲक्टिव्ह मॉनिटर, म्हणजे पोटातच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर, घरी नुसतं ऐकायला घ्यावेत का, आणि घेतले तर त्यांचं नेमकं काय करायचं, याभोवती फिरणारी बरीच पत्रं या वेळी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (ठाणे) : दुकानदार म्हणाला, "मॉनिटर कामासाठी असतात, ऐकण्यासाठी नाही. आवाज रुक्ष, दोन तासांत कान किटतात." यात तथ्य किती?

उत्तर : कान किटतात हे पुष्कळ घरांत खरं आहे, पण दोष मॉनिटरचा क्वचितच असतो. खोक्यावर 'मॉनिटर' छापलंय म्हणून आवाजाची जात ठरत नाही. यामाहाचा पांढऱ्या कोनचा एनएस-१० १९७८ साली आला तो घरगुती स्पीकर म्हणूनच. घरांत तो फारसा कुणाला रुचला नाही. मधल्या पट्टीत उठाव आणि खाली खर्ज जेमतेम, अशी त्याची प्रकृती. स्टुडिओवाल्यांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं, कारण मिक्समध्ये जे बिघडलंय ते तो झाकत नसे. त्याचा ट्वीटर (वरचे, बारीक स्वर वाजवणारा छोटा गोल) इतका टोचायचा की लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. उलट्या दिशेचा प्रवास बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचा. सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा म्हणून तो तयार झाला आणि पुढे कित्येक वर्षं लोकांनी हौसेने घरी वाजवला.

आजचा बऱ्यापैकी मॉनिटर समोरून सपाट वाजतो आणि बाजूंना गेलं की त्याचा आवाज एकसारखा, हळूहळू उतरत जातो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हर्मन या ऑडिओ कंपनीत, कोणता स्पीकर वाजतोय हे न कळू देता श्रोत्यांकडून पसंती घेतली, तेव्हा कौल अशाच स्पीकरच्या बाजूने गेला. सपाट म्हणजे बेचव, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

मग कान का किटतात? एक तर उघड्या टाइल्स आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. दुसरं, दोन्ही ट्वीटर थेट कानावर रोखलेले. तिसरं म्हणजे मॉनिटर मोठ्या आवाजातही फाटत नाही, त्यामुळे आपण किती मोठ्याने ऐकतोय ते कळतच नाही. ट्वीटरची रेषा डोक्याच्या थोडी मागे एकमेकींना छेदेल इतका कोन उघडा. मागचा 'हाय' किंवा 'एचएफ ट्रिम' नावाचा स्विच उणे २ वर टाका. एवढं करूनही टोचत असेल तरच मॉनिटरकडे संशयाने बघा.

रात्री हळू आवाजात गाणं कोरडं वाटतं त्याचं कारण वेगळं. आवाज जसा कमी होतो तसा माणसाच्या कानाला खर्ज जास्त वेगाने कमी ऐकू येतो. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झखाली ३-४ डेसिबल वाढवा. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

मॉनिटर कुणी घेऊ नयेत तेही सांगतो. २० फुटी हॉलमध्ये घरची सहा माणसं सहा ठिकाणी बसून ऐकणार असतील, तर छोटे मॉनिटर चुकीची खरेदी आहे. ते एका-दोघांनी जवळ बसून ऐकण्यासाठी बनवलेले असतात.

प्रश्न (नाशिक) : हॉल १२ बाय १० फूट. पाच इंची मॉनिटर टीव्हीच्या कपाटावर, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. सोफ्यावर बसलं की डग्गा घुमतो, हॉलच्या मध्यावर उभं राहिलं की खर्ज जवळजवळ गायब. मॉनिटर सदोष निघाले का?

उत्तर : मॉनिटर ठणठणीत आहेत, तुम्हाला खोली ऐकू येते आहे. हिशोब करून बघा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४७ हर्ट्झ येतात. या कंपनसंख्येला तुमची खोली लांबीच्या दिशेने स्वतःच घुमते. या घुमण्याचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच. दुपटीला, म्हणजे ९४ हर्ट्झला, दुसरी घुमारी आहे आणि डग्ग्याचा भरणा त्याच परिसरात असतो. भिंतीला टेकून बसलेल्याला दोन्ही एकदम मिळतात. रुंदीच्या दिशेने हाच हिशोब ५६ हर्ट्झवर येतो.

सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेता आला तर निम्मं काम झालं. नाहीच जमलं तर ऐकायला वेगळी खुर्ची ठेवा, मॉनिटरपासून साडेचार-पाच फुटांवर. फक्त ती हॉलच्या अगदी मध्यावर येऊ देऊ नका. सोफा पाहुण्यांना, खुर्ची गाण्याला.

आता मॉनिटर आणि त्यांच्या मागची भिंत. "भिंतीपासून लांब ओढा" असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि छोट्या हॉलमध्ये तो बरेचदा अंगाशी येतो. मॉनिटरच्या पुढून निघालेला खर्ज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला मूळ आवाजाला छेद देतो. ती काढायची तर ३४३ ला मॉनिटरची पुढची बाजू आणि भिंत यांतल्या अंतराच्या चौपटीने भागा. पुढची बाजू भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर खड्डा ९५ हर्ट्झला पडतो, म्हणजे डग्गाच खातो. तीच ३० सेंटिमीटरवर आणली की खड्डा २८६ हर्ट्झला सरकतो आणि उथळही होतो, कारण तोवर वूफर (खर्ज वाजवणारा मोठा गोल, 'पाच इंची' हे त्याचंच माप) मागे कमी आणि पुढे जास्त फेकू लागलेला असतो. म्हणून लहान हॉलमध्ये मॉनिटर भिंतीजवळच बरे. पाठीमागे चार-सहा इंच मोकळे ठेवा. पोर्ट (खोक्याला असलेलं हवेचं भोक) मागे असेल तर त्याला श्वास हवा आणि ॲम्प्लिफायरची उष्णता बाहेर पडायला जागा हवी. भिंतीजवळ खर्ज वाढतो, त्यासाठी मागे स्विच दिलेलाच असतो. यामाहाच्या एचएस मालिकेत 'रूम कंट्रोल' ५०० हर्ट्झखालचा भाग २ किंवा ४ डेसिबल उतरवतो, जेबीएलच्या ३०५पी एमके २ मध्ये 'बाउंड्री ईक्यू' दीड किंवा ३ डेसिबल. आधी अर्ध्यावर टाका, आठवडाभर ऐका, मग पुढचं ठरवा. दिवसातून चार वेळा स्विच हलवलात तर कानाला काहीच कळेनासं होतं.

टीव्हीचं कपाट दीड फुटाचं, तर सोफ्यावर बसलेल्याचे कान जमिनीपासून सुमारे एक मीटरवर. ट्वीटर कानाकडे बघेल इतका मॉनिटर मागे कलता करा, त्यासाठी तिरक्या कापाचे फोमचे तुकडे मिळतात. भारतीय बैठकीवर बसून ऐकत असाल तर कान ७०-७५ सेंटिमीटरवर येतात, मग त्या कपाटाची उंची जवळपास जमून जाते. मॉनिटर आडवे मात्र ठेवू नका. वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी आले की डोकं जरा बाजूला केलं तरी दोघांचं अंतर बदलतं आणि जिथे दोघे मिळून वाजतात, साधारण २००० हर्ट्झच्या आसपास, तिथला आवाज खाली-वर होतो. गायकाचे शब्द नेमके तिथेच स्पष्ट व्हायचे असतात.

टाइल्सवर जाड सतरंजी किंवा जाजम टाका, मॉनिटर आणि खुर्ची यांच्या मधोमध. बाजूच्या भिंतींसाठी आरशाची युक्ती करा. तुम्ही जागेवर बसा, दुसऱ्याने भिंतीला लावून आरसा सरकवायचा. जिथे ट्वीटर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. एक इंची फोमच्या चौकटी वरचा चुरचुरीतपणा शोषतात, खर्जाला हातही लावत नाहीत. आणि अंड्यांचे ट्रे कृपया लावू नका, त्यांनी काहीच होत नाही, झुरळं तेवढी होतात.

इतकं करूनही ४७ हर्ट्झचा डोंगर उरला, तर मापनाचा मायक्रोफोन आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून तो मोजा आणि इक्वलायझरने तेवढाच कापा. डोंगर कापता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्ड्यात कितीही आवाज ओतला तरी परतून येणारी लाट तेवढाच परत खोडते आणि मधल्यामध्ये वूफर दमतो.

प्रश्न (कोल्हापूर) : फोनच्या हेडफोनच्या भोकातून एका मॉनिटरला केबल लावली. ढोलकी, पेटी ऐकू येते, गाणाऱ्या बाईंचा आवाजच नाही! दूर कुठे बाथरूममध्ये गातायत असं वाटतं. मॉनिटर बदलून आणला, तरी तेच.

उत्तर : दुसरा मॉनिटरही चांगलाच आहे, केबल चुकली आहे. हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात : टोकावर डावा, मधल्या कड्यावर उजवा, मागे अर्थ. मॉनिटरच्या मोठ्या जॅकलाही (बाजारात याला पी-३८ म्हणतात) तीनच भाग, पण त्यांचा अर्थ वेगळा. तो बॅलन्स्ड इनपुट असतो, म्हणजे टोकावरच्या सिग्नलमधून कड्यावरचा सिग्नल वजा करून जे उरेल ते वाजवतो. तुम्ही डाव्यातून उजवा वजा केलात. गाणारा माणूस रेकॉर्डिंगमध्ये मधोमध, दोन्ही बाजूंना सारखाच असतो. वजाबाकीत तो शून्य होतो आणि उरतो त्याच्यावर टाकलेला प्रतिध्वनी. तुमचं बाथरूम तेच.

हवी ती केबल अशी : एका टोकाला साडेतीन मिलीमीटरची स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगवेगळ्या मोनो पी-३८. मोनो पिनेत कडं नसतं, त्यामुळे इनपुटचा कड्याचा संपर्क आपोआप अर्थला लागतो आणि वजा होण्यासारखं काही उरत नाही. डावी पिन डाव्या मॉनिटरला, उजवी उजव्याला.

मॉनिटरला फक्त एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा गोल जोड) असेल आणि आवाज आरसीएतून (टीव्ही-प्लेअरच्या मागे असतात ते लाल-पांढरे जोड) घेत असाल, तर आरसीए ते एक्सएलआर केबल करून घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सुटे भाग मिळतात आणि सोल्डरिंग कुणालाही जमतं. दोन तारा आणि वर जाळी अशी माइकची केबल घ्या. आरसीएच्या मधल्या टोकापासून एक तार एक्सएलआरच्या २ नंबर पिनेला. आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून दुसरी तार ३ नंबरला. जाळी आरसीएच्या कड्यावर आणि दुसरीकडे १ नंबरला. ३ नंबर पिन मोकळी सोडू नका, काही मॉनिटरांत आवाज अर्धा होतो किंवा गुणगुण शिरते.

प्रश्न (डोंबिवली) : लॅपटॉप चार्जरवर असला की मॉनिटरमधून 'घूंऽऽ' येतं, माउस हलवला की किरकिर. बॅटरीवर सगळं शांत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मॉनिटरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकू.

उत्तर : ती पिन काढू देऊ नका. आत काही सुटलं तर मॉनिटरच्या मागच्या धातूच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि तुम्ही नेमका तिथेच नॉब फिरवायला हात घालता.

बॅटरीवर शांत होतं, या एका निरीक्षणातच निदान आहे. चार्जरला अर्थ, दोन्ही मॉनिटरना अर्थ, आणि त्यांना जोडणारी केबलची जाळी. मिळून अर्थचा एक फेरा पूर्ण होतो आणि त्यातून बारीक प्रवाह वाहतो. तोच ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत गुणगुणतो. लॅपटॉपच्या आतली डिजिटल खडखड त्याच वाटेने बाहेर येते, ती माउसची किरकिर.

लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून लावायचा आवाजाचा डबा) असेल तर तो, दोन्ही मॉनिटर, सगळं एकाच स्पाइक बस्टरवर आणा, निदान एकाच स्विचबोर्डवर. पुष्कळदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज घेणं बंद करा आणि बॅलन्स्ड आउटपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. त्यातून दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८ असलेल्या, म्हणजे खऱ्या बॅलन्स्ड केबल लावा. इथे मात्र मोनो पिन नको. कोल्हापूरच्या उत्तरातली केबल इथे लावलीत तर बॅलन्सिंगचा फायदाच जातो. तेही नको असेल तर सिग्नलच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर टाका. अगदी स्वस्त आयसोलेटर गुणगुणीबरोबर खर्जही पातळ करतात, तेवढं ऐकून घ्या. टीव्ही जोडलेला असेल तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, तीही कुठेतरी अर्थला गेलेली असते.

मॉनिटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्रश्न गाण्याचा राहिलेला नाही. घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या.

प्रश्न (पणजी) : काहीही वाजत नसताना ट्वीटरमधून सतत 'स्स्स' येतं. मागचा नॉब शून्यावर आणला तरी तसंच. हा बिघाड आहे का?

उत्तर : नॉब फिरवून फरक पडत नाही, म्हणजे हा आवाज नॉबच्या पुढच्या टप्प्यातला, खुद्द ॲम्प्लिफायरचा आहे. स्वस्त ॲक्टिव्ह मॉनिटरांत तो असतोच. इनपुटची केबल उपटून पुन्हा ऐका. तरीही तेवढाच असेल तर खात्री झाली. ट्वीटरला कान लावून ऐकू येणं ठीक. पंखा बंद करून रात्री चार-पाच फुटांवरून स्पष्ट ऐकू येत असेल आणि तुम्हाला त्रास होत असेल, तर परत करायच्या मुदतीत परत करा. यावर दुरुस्ती नाही. म्हणून दुकानातल्या गोंगाटात नव्हे, घरी शांततेत ऐकून मग पावती फाइलला लावा.

नॉबबरोबर कमी-जास्त होणारा हिस, म्हणजे 'स्स्स', वेगळा, तो नॉबच्या आधीच्या टप्प्यातून येतो. इनपुटचा स्विच उणे १० वर असेल तर अधिक ४ वर आणा, मॉनिटरचा नॉब खाली करा आणि इंटरफेस किंवा डॅकचा (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) आवाज वर ठेवा. दोन्ही मानकांत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक आहे, तेवढा हिस फुकटात जातो.

प्रश्न (अहिल्यानगर) : दोन मॉनिटरना दोन वेगळे नॉब, तेही पाठीमागे. आवाज कमी-जास्त कसा करायचा?

उत्तर : ते नॉब एकदा लावायचे आणि विसरायचे. रोजचा आवाज इंटरफेस, प्रीॲम्प किंवा आवाजाचा नॉब असलेल्या डॅकवर. लावण्याची रीत अशी : दोन्ही नॉब पूर्ण खाली, डॅकचा आवाज तीन चतुर्थांशावर, एखादी मोठ्या आवाजाची फाइल लावा. आता नॉब हळूहळू चढवा आणि यापेक्षा मोठं कधीच ऐकणार नाही, असं वाटेल तिथे थांबा. मग मोनो पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सळसळाट) लावून एकेक मॉनिटर वेगळा वाजवा आणि बसायच्या जागी धरलेल्या फोनवरच्या ध्वनिमापक ॲपमध्ये दोघांचं माप सारखं येईपर्यंत एक नॉब हलवा. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण दोघांतला फरक तो नीट दाखवतो. शेवटी पेन्सिलने खूण करा, म्हणजे झाडलोट करताना फडक्याने हललं तर परत आणता येईल.

आवाजाचा नॉब नसलेला डॅक थेट मॉनिटरला जोडताना जपून. त्याचं २ व्होल्टचं आउटपुट मॉनिटरला पूर्ण जोराने वाजवायला पुरेसं असतं. पहिल्याच गाण्याला घर दणाणेल. चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, नाहीतर इतर उपकरणांचा 'थड्' वूफरला बसतो.

प्रश्न (सातारा) : मी फक्त ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो. पाच इंची पुरेल की आठ इंची? सबवूफर लागेल का?

उत्तर : सबवूफर नको. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झचा, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. बायकांची पट्टी त्याहून बरीच वर. यामाहा एचएस५ चं कंपनीने दिलेलं माप ७४ हर्ट्झला उणे ३ आणि ५४ हर्ट्झला उणे १० डेसिबल. एचएस८ चं अनुक्रमे ४७ आणि ३८. खर्जाच्या तारेचा भरणा मुळात वरच्या स्वरांशांत असल्यामुळे पाच इंचीवर ती हरवत नाही. डग्ग्याची खालची मींड मात्र सात-आठ इंचीवर अधिक भरीव येते. जवळ, चार-पाच फुटांवर बसणार असाल तर पाच इंची घ्या. आठ-नऊ फुटांवर बसणार असाल तर मोठे घ्या, आणि त्याचं मुख्य कारण खर्ज नसून जोर आहे : एक मीटरवरून तीन मीटरवर गेलं की थेट येणारा आवाज साडेनऊ डेसिबल घटतो. तेवढ्या अंतरावर पाच इंचीकडून तबल्याचा ठोसा मागितला की तो दबतो.

मॉनिटरवर जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा झंकार, ऐकण्यात खरी गंमत आहे. घोडीवरचा दोरा अर्धा केस सरकला तरी कळतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : जुन्या ७८च्या तबकड्यांवरून घेतलेल्या फाइल्स मॉनिटरवर ऐकवत नाहीत. साध्या स्पीकरवर बऱ्या वाटायच्या.

उत्तर : साध्या स्पीकरला वरचं काही वाजवताच येत नव्हतं, म्हणून बऱ्या वाटायच्या. १९२५ च्या आधीची रेकॉर्डिंग कर्ण्यात गाऊन केलेली, नंतरची विजेवरची. दोन्हींत वरच्या कंपनांना संगीत फार थोडं आणि खरखर भरपूर. तुमचा ट्वीटर इमानेइतबारे खरखर वाजवतोय. प्लेअरमध्ये ७००० हर्ट्झच्या वरचं कापा, कर्ण्याच्या जमान्यातलं असेल तर आणखी खाली. मग डावा-उजवा एकत्र करून मोनो करा. संगीत दोन्हीकडे तेच असतं, खरखर पुष्कळशी वेगवेगळी, त्यामुळे बेरजेत गाणं वर येतं. एकाच मॉनिटरवर ऐकून बघा, मोनो तबकडीला ते फार छान लागतं. ज्या फाइल्समधून खरखर यंत्राने आधीच खरवडलेली आहे आणि सूर बुडबुडतायत, त्यांना उपाय नाही. मूळ प्रत शोधा.

प्रश्न (पुणे) : घरी जुना ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल आहे. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या वायरी मॉनिटरला जोडल्या तर?

उत्तर : इनपुट जळण्याची शक्यता आहे. त्या वायरींवर स्पीकर हलवण्याइतका व्होल्टेज असतो, मॉनिटरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे. मागे 'प्री आउट' असेल तर तिथून घ्या. 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' असेल तर चालेल, फक्त त्यावर आवाजाचा नॉब काम करत नाही. टर्नटेबल थेट लावू नका. काडीतून (सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून) येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, तेही खर्ज दाबलेले, त्यामुळे मध्ये फोनो प्रीॲम्प हवाच. जुन्या ॲम्प्लिफायरचा 'फोनो' इनपुट तेच काम करतो. आणि टर्नटेबल मॉनिटरच्या टेबलावर ठेवू नका. खर्ज टेबलातून काडीपर्यंत पोचतो, तिथून पुन्हा मॉनिटरला, आणि वूफर आत-बाहेर डोलायला लागतो.

प्रश्न (नागपूर) : टीव्हीला मॉनिटर जोडले, ऑप्टिकल केबलने डॅकमधून. आवाजच नाही.

उत्तर : टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी' वर असेल, ते 'पीसीएम' करा. साधा डॅक फक्त तेच वाचतो.

प्रश्न (न्यू जर्सी) : पुढच्या वर्षी कायमचे सांगलीला येतोय. इथले मॉनिटर आणावेत का?

उत्तर : मागचं लेबल वाचा. '१००-२४०' लिहिलं असेल तर फक्त पॉवर केबल बदलायची, आपल्याकडची तीन पिनी. '११५/२३०' असा स्विच असेल तर इथे प्लग लावण्याआधी तो फिरवा. तो विसरला तर फ्यूज, आणि नशीब वाईट असेल तर पुढचंही काही जातं. फक्त '१२०' असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, मॉनिटरच्या दुप्पट वॅटचा. दोन मॉनिटर आणि वर तो गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर, असं लटांबर आणण्यापेक्षा तिथेच विकून येणं शहाणपणाचं.

प्रश्न (रत्नागिरी) : वीज सारखी जाते, घरात इन्व्हर्टर आहे. दमट हवा, पाली, आणि तीन वर्षांचा नातू. मॉनिटर टिकतील का?

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर मॉनिटर वाजवू नका. आतला ट्रान्सफॉर्मर घरघरतो, तापतो, आणि गाण्यातही ती घरघर शिरते. साइन वेव्हचा असेल तर खुशाल वाजवा. वीज गेली की मॉनिटरचे स्विच बंद करा, परत आल्यावर दोन-चार मिनिटांनी चालू करा. येतानाच्या झटक्यानेच जास्त नुकसान होतं.

दमट हवेत वूफरच्या कडेची पट्टी रबराची असलेले घ्या. फोमची पट्टी काही वर्षांत भुगा होते. केबलच्या पिना दोन-तीन महिन्यांनी काढून-घालून फिरवा, गंज धरत नाही. महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर वाजवलेले बरे, आतली ऊब ओल धरू देत नाही.

पाल पोर्टमधून आत जाते आणि सर्किटवर बसली तर तिचंही जातं आणि ॲम्प्लिफायरचंही. पोर्टमध्ये बोळा कोंबू नका, खर्ज बदलतो. वाजवून झालं, मॉनिटर गार झाले की सुती कापडाची पिशवी वरून पायापर्यंत घाला. वाजवताना पिशवी काढायची, नुसती वर सरकवून ठेवायची नाही, मागचा पत्रा तापतो.

नातवासाठी एकच उपाय, जाळीवाले मॉनिटर. बहुतेक मॉनिटरांचे ट्वीटर उघडे असतात आणि त्या गोल घुमटात बोट घालण्याचा मोह कुठल्याही मुलाला आवरत नाही. जेनेलेकच्या मॉनिटरांत वूफर-ट्वीटरवर धातूची जाळी असते. त्यांच्याच घरगुती जी मालिकेत मॉनिटरांचेच अवतार आरसीए इनपुटसह मिळतात, म्हणजे एक्सएलआरची भानगडही नाही. महाग आहेत. ते परवडत नसतील तर मॉनिटर चार फुटांवर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवा, पुढे थोडे झुकवा आणि मागून पट्ट्याने बांधून टाका.